मास्तरणीची उजवी बाजू

ता. ६, मंगळवार

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीने लिहिले गेले. खोडत नाही, पण आज ते मनापासून दिलेत असं समजू नकोस.

तुझे तीन फोन येऊन गेले. मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तुझा आवाज ऐकला की तू मला सात वर्षांचा दिसायला लागतोस आणि माझा राग पातळ होतो. या वेळी मला तो पातळ होऊ द्यायचा नाही, म्हणून कागदावर लिहितेय. दुधाचा टँकर रोज सकाळी इथून निघून दुपारी तुमच्या शहरातल्या डेअरीत पोचतो आणि संध्याकाळी परत येतो. टँकरवाल्याने पत्रं नेण्या-आणण्याचं कबूल केलंय. उत्तर त्याच्याच हाती दे.

काल दुपारी यांना घेऊन हॉस्पिटलमधून आले. टाके अजून ओढतात, पण बोलण्यात कुठे कमी नाही. यांना पलंगावर निजवलं आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून गोठ्यात गेले. लग्नानंतर नऊ दिवस म्हशींपासून लांब मी कधी राहिले नव्हते. पहिल्या खुंट्याला मास्तरीण नव्हती. वाटलं हौदावर असेल. तिथेही नव्हती. गड्याला विचारलं तर तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, शनिवारी व्यापाऱ्याची गाडी आली होती आणि छोटे भाऊ स्वतः उभे होते.

चाळीस म्हशी तुझ्या भरवशावर टाकून मी नवऱ्याच्या उशाशी बसले होते. रोज संध्याकाळी तू फोनवर सांगायचास की सगळं झकास आहे. शनिवारीही हेच सांगितलंस. आणि काल मी यायच्या दोन तास आधी कामावर हजर व्हायचंय म्हणून निघून गेलास. तेवढं तरी तोंड दाखवायचं होतंस.

तीन महिन्यांपूर्वी तुझ्या कंपनीचं धार काढायचं यंत्र माझ्या गोठ्यात बसवलंस. त्याला आंघोळीला गरम पाणी लागतं, जरा मनाविरुद्ध झालं की ते अडून बसतं, म्हणून मी त्याला जावईबापू म्हणायला लागले तेव्हा तू पोट धरून हसला होतास. आता कळलं की या जावईबापूंना नापसंत म्हशींची लाल यादीही करता येते. त्या यादीत त्यांनी मास्तरणीला घातलं आणि तू खाली सही केलीस. माझ्या घरची म्हैस विकायला माझीच परवानगी लागत नाही, हे मला नवीन आहे.

व्यापाऱ्याला फोन केला. ती अजून त्याच्या वाड्यात आहे. येत्या रविवारी सगळी जनावरं पुढे जाणार आहेत. पुढे म्हणजे कुठे, हे तुला मी सांगायला नको. सही तुझी, म्हणून ताबा तुलाच देईन म्हणतो, माझं काही ऐकत नाही. त्याचा वाडा तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. जा आणि तिला घेऊन ये.

लोभ आहे. सध्या तो बांधून ठेवलाय.

तुझी ताई

*

ता. ७, बुधवार

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र डेअरीच्या फाटकात उभ्या उभ्या वाचलं. टँकरवाला माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. परतल्यावर तो तुला सगळं सांगेलच, तेव्हा मीही लपवत नाही. मलाही राग आलाय.

नऊ दिवस मी तुझा गोठा सांभाळला. शेण काढलं, वैरण टाकली, दोन म्हशींचे पाय धुऊन औषध लावलं. त्यातलं एक अक्षर तुझ्या पत्रात नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मास्तरीण, मास्तरीण.

आता तिच्याविषयी. बाकीच्या एकोणचाळीस जणी आपणहून यंत्रात जाऊन उभ्या राहतात. हात खालून येतो, कप सडांना लागतात, दूध निघतं आणि त्या निघून जातात. ही बया आत जायची, कप लागले की लाथ मारायची. तीन कप तिने फोडले. तू तिला हाताने पिळतेस हे मला ठाऊक होतं, पण मला ते तुझे लाड वाटले. सात दिवसांत तिच्याकडून तांब्याभर दूध निघालं नाही. असं जनावर यंत्र यादीत घालणारच.

तू म्हणशील तिने पान्हा चोरला. आपण सगळेच असं म्हणतो, पण जरा विचार कर. सडाला स्पर्श झाला की मेंदूतून एक रस सुटतो आणि दूध उतरतं. जनावर बिथरलं की तो रस अडतो. नळाची तोटी बंद होते तसं ते बंद होतं, त्यात कुणी काही ठरवत नाही. तिच्या आत बसून 'या माणसाला द्यायचं नाही' असं म्हणणारं कुणी नाही. एकदा ते मानलं तर थांबायचं कुठे? उद्या म्हणशील वैरणीलाही कळतं, विळा कुणी चालवला ते.

आणि आप्पांचं नाव पुढे करू नकोस. आप्पा म्हशीच्या डाव्या कुशीवर तळवा ठेवून ती लांब श्वास सोडेपर्यंत वाट बघायचे. तिने हो म्हटल्याशिवाय धार काढायची नाही म्हणायचे. मलाही त्यांनी तेच शिकवलं. आणि मी अकरा वर्षांचा असताना, जी फक्त मला धार द्यायची ती त्यांनी विकली. तिला सगळं कळतं म्हणत म्हणत विकली. मग त्या कळण्याचा तिला काय उपयोग झाला? काही कळत नाही असं मानणारा माणूस निदान ढोंग तरी करत नाही.

मंगळवारी आमचे साहेब तुझाच गोठा बघायला येणार आहेत. यादीतली सगळी जनावरं काढली, असं मी त्यांना कळवून बसलोय. आता व्यापाऱ्याकडे जाऊन ती यादी चुकीची आहे असं कुठल्या तोंडाने सांगू? मला ते जमणार नाही. दुसरी चांगली म्हैस मी तुला आणून देतो.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरची माया इतक्यात आटवू नकोस.

तुझा छोट्या

*

ता. ८, गुरुवार

चि. छोट्यास,
आशीर्वाद. आज मोजून एकच.

दुसरी आणून देतोस? फुटलेल्या कपांसारखी? सोमवारी मी यांना हॉस्पिटलमध्ये विसरून आले असते तर दुसरे आणून दिले असतेस का? हे पलंगावरून ऐकताहेत आणि हसताहेत. हसताना टाके दुखतात म्हणून मलाच बोल लावताहेत.

तुझ्या कंपनीचा गुळगुळीत कागद माझ्यासमोर आहे. त्यावर ठळक छापलंय की आमचं यंत्र प्रत्येक जनावराला ओळखतं आणि समजून घेतं. म्हणजे लोखंडाला समजतं, आणि हाडामांसाच्या, सहा बाळंतपणं झालेल्या म्हशीला काही समजत नाही. गिऱ्हाइकाला एक आणि बहिणीला दुसरं. ढोंगाचं तू मला शिकवू नकोस.

तिचं नाव मास्तरीण का पडलं ते तुला माहीत आहे. नवा माणूस गोठ्यात आला की ती चघळायचं थांबवते आणि तो काय करतो ते बघत राहते. बघून झालं की पुन्हा चघळायला लागते. गेल्या वर्षी तिचं रेडकू गेलं तेव्हा चार दिवस तिने मलाही धार दिली नाही. पाचव्या दिवशी मी तिच्या कुशीला डोकं टेकून रडले आणि ती उभ्या उभ्या पान्हावली. तुझा रस त्या दिवशी कुणाच्या सांगण्यावरून सुटला?

वैरणीला कळतं का, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. जिथे माहीत नाही तिथे मी जरा जपून हात लावते, एवढंच. त्यात माझी दोन मिनिटं जातात. तू नाही म्हणून मोकळा झालास आणि त्यात तिचा जीव जाणार आहे. दोघांची चूक सारखी नाही.

आप्पांनी तुझी विकली, ते वाईटच केलं. पण आदल्या दिवशी ते तिच्यापुढे बसून होते, जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः तिच्याबरोबर चालत गेले. परत आल्यावर सहा महिने तू त्यांच्याशी बोलला नाहीस. अकरा वर्षांचा होतास तेव्हा तुला सगळं कळत होतं. शिकून तुझं हे झालं.

आणि लाथ मारणार नाही तर काय करणार? ज्या डोळ्याने तिला दिसत नाही त्याच उजव्या बाजूने तुझ्या यंत्राचा तो थंडगार हात सरकत येतो. दिसत नसताना मांडीला असं काही लागलं तर मीही मारीन, तूही मारशील. हे जावईबापूंना समजत नाही ते समजू शकते, पण तुला कसं समजलं नाही?

रविवारला तीन दिवस उरलेत. लोभाचं नंतर बघू.

ताई

*

ता. ८, गुरुवार, दुपार

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

टँकर परत निघायला वीस मिनिटं आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो.

कुठला डोळा?

मास्तरणीला उजव्या डोळ्याने दिसत नाही, हे मी आज पहिल्यांदा वाचतोय. तो डोळा मी पाहिलाय, चांगला काळाभोर आहे. हे कधी झालं? मला कुणीच कसं सांगितलं नाही?

यंत्र बसवलं त्या दिवशी आपण दोघं गोठ्यात उभे होतो. मी एकेका म्हशीची माहिती भरत होतो. व्यंगाच्या रकान्याशी आलो की तुला विचारायचो. मास्तरणीपाशी आल्यावरही विचारलं. मला चांगलं आठवतंय, तू तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, काही नाही. मी 'नाही' लिहिलं. आत्ता काढून बघितलं, 'नाही'च आहे.

तिथे डोळा लिहिला असता तर यंत्राने हात डाव्या बाजूने घातला असता. तशी सोय त्यात आहे. एक बटण दाबायचं होतं.

ताई, तू नाही का म्हणालीस?

छोट्या

*

ता. ९, शुक्रवार

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी तुझी चिठ्ठी गोठ्यात वाचायला घेतली, आणि दुसरी ओळ दिसताच बाहेर आले. हे पत्रही बाहेर ओट्यावर बसून लिहितेय. का, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

जनावराचं उणं त्याच्या तोंडावर बोलायचं नाही, त्याला ऐकू येतं, ही आप्पांची रीत. तू ती विसरलास. माझ्या अंगात ती इतकी मुरलीय की ती रीत आहे हेही माझ्या ध्यानात राहत नाही. तीन वर्षांपूर्वी दुसरीचं शिंग लागलं आणि तिचा डोळा गेला. वरून काही दिसत नाही. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांना मी हौदापलीकडे नेलं आणि हळू बोला म्हणून विनवलं. ते मला वेडी समजले. त्या दिवसापासून आमच्या घरात तिचा डोळा हा शब्द कुणी काढलेला नाही. यांनीसुद्धा नाही, आणि हे तर काय वाटेल ते बोलतात. आम्ही सगळे डाव्या बाजूने जायचो आणि विषय तिथेच संपायचा. तू शहरात होतास. तुला सांगायचं राहिलं, कारण कुणालाच काही सांगितलं जात नव्हतं.

तू रकाना भरत होतास तेव्हा ती आपल्या दोघांकडे बघत होती. मी नाही म्हणाले. बाहेर गेल्यावर सांगू असं मनात होतं. बाहेर आलो तर हे पोट धरून बसलेले होते, आणि पुढचे सगळे दिवस डॉक्टर, तपासण्या, रांगा यात गेले.

म्हणजे तिला वाईट वाटू नये म्हणून मी गप्प बसले आणि त्या गप्प बसण्यानेच तिला गाडीत चढवलं. रात्रभर माझा मलाच इतका राग आलाय की तुझ्यासाठी फारसा उरला नाही. जो उरलाय तो असू दे, सही तूच केली आहेस. पण सात दिवस रोज कुणीतरी न दिसणाऱ्या बाजूने येऊन तिला धरत होतं, आणि जी हे थांबवू शकली असती ती घरात नव्हती. तिने काय समजायचं?

मी तुझ्या पाया पडले तर तुला बरं वाटणार नाही, म्हणून पडत नाही. पण तू जा. साहेबांना माझं नाव सांग. बाईने खोटी माहिती दिली म्हणावं.

तिच्याजवळ उजवीकडून जाऊ नकोस. लोभाची गाठ सोडली आहे.

तुझी ताई

*

ता. ११, रविवार

ती. स्व. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र आणि मास्तरीण एकाच गाडीतून तुझ्याकडे पोचतील. आधी तिला उतरवून घे, मग वाच.

काल तुझं पत्र वाचून तसाच व्यापाऱ्याकडे गेलो. वाडा म्हणजे पत्र्याखाली चिखल, आणि त्यात साठ-सत्तर म्हशी. कानातले बिल्ले काढून टाकलेले. तुमची बघून घ्या म्हणाला. ताई, मला ओळखता आली नाही. सात दिवस मी तिच्यासमोर उभा होतो, पण मी तिला पाहिलं नव्हतं, तिच्या नावापुढचा लाल ठिपका पाहिला होता. दोनदा सगळी रांग फिरलो. हाका मारल्या, एकीनेही मान वर केली नाही.

मग मला जे येतं ते केलं. एकेका म्हशीच्या उजव्या डोळ्यापुढे हळूच हात हलवत गेलो. प्रत्येकीची पापणी लवत होती. कितव्या कोण जाणे, एकीची लवली नाही. तोंडातून शब्द काढला नाही, आप्पांची आण. वळसा घालून डावीकडे गेलो आणि तिने चघळायचं थांबवून माझ्याकडे बघितलं.

कास दगडासारखी झाली होती. हात लावू देईना. मी कुशीवर तळवा ठेवून उभा राहिलो. शहरात आल्यापासून आठ वर्षांत हे केलं नव्हतं. खरं सांगायचं तर तुझ्या गोठ्यातही मी तिला हाताने पिळून बघितलं नाही ते वेळ नव्हता म्हणून नाही, हात विसरला असेल याची भीती वाटली म्हणून. तासभर तरी उभा होतो. व्यापाऱ्याची माणसं हसत होती. मग तिने श्वास सोडला आणि मी खाली बसून धार काढली. बादली कुणी देईना, म्हणून दूध चिखलात गेलं. अकरा वर्षांचा होतो तेव्हापासूनचं सगळं रडू मला तिथे आलं. हसणारी माणसं निघून गेली.

साहेबांना आज सकाळी घरी गाठून सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. मी बघितलं नाही असं म्हणालो आणि ते खरं आहे. ते म्हणाले, ठीक आहे, डोळ्यासाठी वेगळा रकाना घालू, यात एवढं काय? मंगळवारची पाहणी ठरल्याप्रमाणे होईल. मला राग अनावर झाला. या वर्षात मी मान्य केलेल्या याद्यांत दुसऱ्यांच्या गोठ्यांतल्या एकशे बारा म्हशी आहेत. त्यांतल्या कुणाला काय दिसत नव्हतं, कुणाचं काय दुखत होतं, याचा रकाना कुणी घालायचा? यापुढे जनावर समोर बघितल्याशिवाय सही करणार नाही, असं लिहून दिलंय. बहुतेक दुसऱ्या कामावर टाकतील.

जावईबापूंना काही समजत नाही, हे मी तुला शपथेवर सांगतो. मीच त्यांची तारन् तार जोडली आहे. कुणी कसंही वागवलं तरी ते कधी रागावत नाहीत. म्हणूनच आम्हाला ते इतके आवडतात. मास्तरणीच्या आत कुणी आहे का, याचा पुरावा मात्र माझ्याकडे अजूनही नाही. तिने श्वास सोडला, एवढंच मी लिहू शकतो.

भाऊजींना हसवू नकोस. माझ्यासाठी थोडी जागा ठेव.

तुझा छोट्या

*

ता. १५, गुरुवार

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी सगळे खरे.

तुझे साहेब मंगळवारी येऊन गेले. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि बोलायचं ते सगळं बोलले. उणं तोंडावर बोलायचं नाही ही रीत जनावरांपुरती आहे. यंत्र मी परत करत नाही, कारण बाकीच्या एकोणचाळीस जणींना ते पसंत आहे, हे मला नाक मुठीत धरून कबूल करावं लागतं. लाल यादी मात्र बंद करून घेतली.

मास्तरीण सुखरूप आहे. खाते, पिते, कास उतरली. पण तुला एक सांगायचंय, आणि ते फोनवर मला सांगता आलं नसतं.

ती मला धार देत नाही. गड्याला देते. तुला तर चिखलात दिली. मी गेले की ती सावकाश वळते आणि उजवी बाजू माझ्याकडे करते. मी फिरून डावीकडे गेले की पुन्हा वळते. तीन वर्षांत तिने ती बाजू कधी कुणाकडे केली नव्हती, त्या बाजूने तिला भीती वाटते. माझ्याकडे मात्र मुद्दाम करते, म्हणजे मी तिला दिसू नये. बाकी कुणाकडून तिची काही अपेक्षा नव्हती, माझ्याकडून होती.

तू म्हणशील, तसं नसेल, शाबूत डोळा ती दाराकडे ठेवत असेल, पुन्हा गाडी येते का ते बघायला. मीही तो विचार केला. तसं असेल तर ते जास्त वाईट आहे. दोन्हीपैकी काय ते तू ठरव, तुला पुरावा हवा होता.

काल मी आप्पांची रीत मोडली. तिच्यासमोर उभी राहून मोठ्याने सांगितलं की तुझा उजवा डोळा गेलाय, ते मला माहीत होतं, मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तिचे कान हलले. तेवढंच.

रोज दोन्ही वेळा मी तिच्या उजव्या अंगाला उभी राहते. तळवा ठेवत नाही. तिचा राग आहे, तो तिने हवा तितके दिवस ठेवावा. आपल्या घरातलीच आहे ती.

आज सकाळपर्यंत माझ्याकडे वळलेली नाही. संध्याकाळी परत जाईन. रविवारी तू ये. आलास की डाव्या बाजूने जा आणि ताई बाहेर उभी आहे म्हणून तिला सांग.

तुझी ताई